पंखांचे औचित्य

अद्भुत रचणे हे वास्तव रचण्याहून सोपे, असा एक समज वाङ्मयचर्चेत नेहमी आढळतो. वास्तवाच्या चित्रकाराला पावलोपावली जगाची साक्ष काढावी लागते. अद्भुताच्या निर्मात्याला तिचे कारण नाही, त्याने 'असे घडले' म्हटले की घडले, अशी ही समजूत आहे. आमच्या मते ती भ्रामक आहे. अद्भुतालाही स्वतःचा कायदा असतो, आणि तो ज्याने मोडला त्याची कृती रसिकाच्या मनातून तत्क्षणी उतरते. हा मुद्दा आम्ही येथे एका अशा कृतीच्या आधारे मांडणार आहोत की जिची दखल वाङ्मयीन पाने सहसा घेत नाहीत. ती कृती म्हणजे संगणकावरील एक खेळ, आणि चर्चेचा विषय म्हणजे त्या खेळात माणसाला फुटणारे पंख.

खेळाला समीक्षेचा विषय करावे काय, असे कोणी विचारील. ज्या खेळात एक मनुष्य, त्याची भूक, त्याची निवड आणि त्याचा मृत्यू यांची गुंफण असते, तो नाट्याचा दूरचा का होईना, पण सगोत्रच होय. शिवाय आज घरोघरची तरुण मुले ज्या कथांत रमतात त्यांपैकी कितीतरी कथा पुस्तकांतून नव्हे, तर अशा खेळांतून त्यांना भेटतात. त्यांची खरी परीक्षा न करता त्यांना नुसते पोरखेळ म्हणून बाजूला सारणे हे समीक्षकाला शोभणारे नाही.

खेळाचे नाव 'कॅटॅक्लिझम : डार्क डेज अहेड', म्हणजे महाप्रलय आणि पुढे येणारे काळे दिवस. 'कॅटॅक्लिझम' नावाच्या एका आधीच्या खेळातून तो निघाला, २०१३ साली लोकवर्गणीने त्याला बळ मिळाले, आणि त्याची रचना खुली असल्यामुळे जगभरचे हौशी कार्यकर्ते त्यात सतत भर घालीत व फेरफार करीत आले आहेत. कथाभूमी अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू इंग्लंडची. जग कोसळलेले आहे. एका काळ्या द्रव्याच्या योगाने मेलेली माणसे उठून चालत आहेत. आणि खेळणाऱ्याने निर्मिलेला एकटा मनुष्य ओसाड गावांतून अन्न, पाणी, औषध आणि निवारा शोधीत फिरतो आहे. चित्रांचा झगमगाट यात मुळीच नाही. मूळ स्वरूपात तर पडद्यावर केवळ अक्षरे व चिन्हे दिसतात, आणि खेळणाऱ्याने एक हालचाल केली की जग एक पाऊल पुढे सरकते. पात्र मेले की मेले. पुन्हा आरंभापासून नवा मनुष्य उभा करावा लागतो.

या खेळाची कीर्ती त्याच्या काटेकोर हिशोबामुळे आहे. पोटात किती उष्मांक गेले, अंगावर कपड्यांचे किती थर आहेत, पाठीवरच्या पिशवीत किती वजन व किती आकारमान मावते, भिजलेल्या माणसाला थंडी किती बाधते, या साऱ्यांचे गणित तो मांडतो. चमचाभर साखरेलाही तेथे मोल आहे. अशा खेळात मध्येच एक दार अद्भुताकडे उघडते. उत्परिवर्तन घडविणारी द्रव्ये सापडतात, आणि ती प्याली असता मनुष्याचे शरीर पक्षी, मासा, कीटक, अस्वल अशा एखाद्या प्राण्याच्या दिशेने बदलू लागते. पक्ष्याची वाट धरणाऱ्याच्या अंगावर पिसे येतात, हाडे पोकळ होतात, आणि पाठीवर पंख फुटतात.

येथे खेळणाऱ्याच्या मनात स्वाभाविक आशा उत्पन्न होते, आणि खेळ तिच्यावर पाणी ओततो. ज्या आवृत्त्या दीर्घकाळ खेळल्या गेल्या त्यांत या पंखांचे वर्णन असे की, पंख मोठे व पिसांचे आहेत खरे, पण अंग इतके जड आहे की उडता येत नाही. उंचावरून पडल्यास मात्र पतन मंद होते, आणि ते का, याचे कारण सांगण्याचे वर्णनकाराने अर्धवट हसत टाळले आहे. वटवाघळाचे पंख फुटले तर ते निरुपयोगी असून वर तोल बिघडवितात. कीटकाचे पंख फडफडवून मनुष्य उडत नाही, फक्त अधिक जोरात पळतो. आणि सर्वांत केविलवाणे म्हणजे खांद्यामागे उगवणारे खुरटे पंख: ते हवे तेव्हा हलविता येतात, एवढाच त्यांचा गुण.

यावर खेळणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष विचारतो: ज्या जगात प्रेते चालतात आणि बाटलीभर द्रव्याने माणसाला चोच फुटते, तेथे उड्डाणच तेवढे अवास्तव कसे? मेलेल्याला चालविण्याइतके तुमचे औदार्य आहे, तर पंखवाल्याला उडविण्यात कंजुषी का? दुसरा पक्ष म्हणतो: मनुष्य उडू शकत नाही हे शास्त्र आहे, आणि खेळाने ते पाळले म्हणून तो श्रेष्ठ. आम्हाला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. पहिल्याला अद्भुताचा कायदा कळलेला नाही, आणि दुसऱ्याने शास्त्र अर्धेच वाचले आहे.

आधी शास्त्राकडे पाहू. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले होते की, आकार वाढला की पृष्ठभाग वर्गाने आणि वजन घनाने वाढते. याचा अर्थ पारव्यावर लावून पाहावा. पारवा सुमारे ३५० ग्रॅम वजनाचा. ७० किलोग्रॅमचा मनुष्य त्याच्या २०० पट जड. पारव्यालाच त्याच्या साऱ्या प्रमाणांसह फुगवून माणसाच्या वजनाचा केला, तर त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ २०० पट होत नाही. ते जेमतेम ३४ पट होते. पंखाच्या प्रत्येक तुकड्यावर सुमारे सहापट भार येतो, आणि हवेत तरून राहण्यासाठी त्याला पारव्याच्या सुमारे अडीचपट वेग लागतो. हा वेग धावून गाठणे कोणाच्याही पायांना साधणार नाही. उडणाऱ्या पक्ष्यांत वजनाची मर्यादा दिसते ती यामुळेच. आपल्या सोलापूरकडच्या नान्नजच्या माळांशी ज्याचे नाव जोडले गेले आहे, तो माळढोक उडणाऱ्या पक्ष्यांतील अतिशय जड जातींपैकी एक. त्याचा नर सुमारे १५ किलोग्रॅमपर्यंत भरतो. त्याच्या आफ्रिकेतील भाऊबंदांची मजल याहून थोडीच पुढे जाते.

परंतु 'अंग जड म्हणून उड्डाण नाही' एवढ्यावर शास्त्र थांबत नाही. अर्जेंटिनात ज्याचे अवशेष सापडले तो अर्जेंटाविस नामक लुप्त पक्षी माणसाच्या वजनाच्या जवळपास होता, आणि तो वाऱ्यावर तरंगत असे. क्वेट्झलकोअ‍ॅट्लस हा टेरोसॉर तर याहून अवाढव्य. त्याच्या पंखांचा पसारा १० मीटरच्या घरात होता, आणि त्याचे वजन माणसाच्या कित्येक पट असावे असा बहुतेक अभ्यासकांचा कौल आहे. तेव्हा दोष निव्वळ वजनाचा नाही. दोष आहे तो त्या वजनाच्या वाटणीचा.

ही वाटणी बोरेली या इटालियन पंडिताने ओळखली होती. त्याच्या मृत्यूनंतर १६८० साली प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांच्या चलनावरील ग्रंथात त्याने हिशोब मांडला की, पक्ष्याच्या छातीचे स्नायू त्याच्या एकूण वजनाच्या सहाव्या हिश्शाइतके भरतात, तर माणसाचे तेच स्नायू शंभराव्या हिश्शालाही पोचत नाहीत; म्हणून मनुष्य स्वबळावर पंख हलवून उडणार नाही. पुढे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली आकारमानावर एक निबंध लिहिला. हे तेच हाल्डेन, जे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले. चित्रातल्या देवदूताला खरोखर उडावयाचे असेल तर स्नायू बसविण्यासाठी त्याची छाती सुमारे चार फूट पुढे आलेली हवी, आणि वजन वाचविण्यासाठी पाय काटक्यांसारखे बारीक हवेत, असे त्यांनी दाखवून दिले. पंख ही उड्डाणाची शेवटची वस्तू आहे. पहिली वस्तू छाती. पक्ष्याच्या उरोस्थीला नावेच्या तळासारखा उभा पाट असतो, त्यावर ते स्नायू बसतात. आणि त्या स्नायूंना श्वास पुरविण्यासाठी फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या अंगभर, कित्येक हाडांच्या पोकळीतही, पसरलेल्या असतात.

येथे खेळाच्या वास्तवतेची पहिली उणीव उघडी पडते. तो मनुष्याला पिसे देतो, पोकळ हाडे देतो, पंख देतो. उरोस्थीचा पाट, छातीचे मांस आणि हवेच्या पिशव्या मात्र देत नाही. म्हणजे पक्ष्याचा वेष दिला, यंत्र दिले नाही. पोकळ हाडांचा अर्थही त्याने लोकप्रिय समजुतीप्रमाणे लावला आहे: हाडे पोकळ झाली की मनुष्य हलका व दुबळा होतो, त्याची ओझे वाहण्याची शक्ती घटते. वस्तुतः पक्ष्याचा सांगाडा त्याच्या अंगाच्या मानाने सस्तन प्राण्याच्या सांगाड्याहून फारसा हलका नसतो. पोकळ हाडांचे द्रव्य अधिक घन व कणखर असते. पोकळीचा संबंध श्वासाशी आहे, केवळ हलकेपणाशी नाही.

दुसरी उणीव पतनाची. पंखांनी पडणे मंद होते, हे ऐकावयास उदार वाटते. पण हिशोब करून पाहावा. १० मीटर उंचीवरून पडणारा मनुष्य ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्याच्या पाठीवर ३ चौरस मीटरचे पंख आहेत आणि ते त्याने छत्रीसारखे ताणून धरले असे मानले, तरी तो वेग जेमतेम ४४ किलोमीटरपर्यंत उतरेल. खरा लाभ हवा असेल तर सरळ न पडता पुढे घसरत उतरावे लागेल, आणि तेव्हा प्रत्येक पंखाला माणसाचे अर्धे वजन, म्हणजे ३५ किलोग्रॅम, सतत पेलावे लागेल. जो पंख एवढे पेलतो त्याच्यामागे आधीच बळकट छाती असली पाहिजे. खेळाने परिणाम दिला आणि त्याचे कारण दिले नाही. उड्डाण नाकारताना तो कठोर शास्त्री होतो, आणि पतन वाचविताना दयाळू आजीबाई.

तिसरी उणीव सर्वांत मोठी आहे, आणि आमच्या मते तीतच या खेळाची हुकलेली संधी आहे. पृथ्वीवर कणा असलेल्या प्राण्यांत खरे उड्डाण तीनदा अवतरले: टेरोसॉरांत, पक्ष्यांत आणि वटवाघळांत. तिन्ही वेळा पंख झाला तो पुढच्या पायाचा, म्हणजे आपल्या भाषेत हाताचा. टेरोसॉराने एक बोट लांबविले, वटवाघळाने बोटे पसरून त्यांवर कातडे ताणले, पक्ष्याने बोटे जोडून टाकली. कोणालाही पंख वरकड मिळाले नाहीत. सर्वांनी हात देऊन पंख घेतले. कीटकाची गोष्ट निराळी, त्याचे पंख पायांवेगळे उगवतात. पण त्याच्या श्वासनलिका आणि त्याचे कवच मोठ्या देहाला पुरत नाहीत. खेळातल्या माणसाला मात्र दोन हात शाबूत ठेवून पाठीवर पंख फुटतात. ज्या खेळात डबा फोडणे, दार उघडणे, जखम बांधणे, शस्त्र भरणे या हातांच्या कामांवर जगणे-मरणे अवलंबून आहे, तेथे 'हात हवे की पंख?' या प्रश्नाइतका दारुण प्रश्न दुसरा कोणता असता? तो खेळाने विचारलाच नाही.

मनुष्य स्वबळावर मुळीच उडालेला नाही असेही नाही. पण त्याने दिलेली किंमत पाहण्यासारखी आहे. जर्मनीचा ओटो लिलिएंटाल १८९१ पासून टेकड्यांवरून तरंगत उतरत असे. त्याच्या नेहमीच्या साधनाचा पसारा ६.७ मीटर, क्षेत्रफळ १३ चौरस मीटर आणि वजन २० किलोग्रॅम. ऑगस्ट १८९६ मध्ये तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. १२ जून १९७९ रोजी ब्रायन अ‍ॅलन या सायकलपटूने पायांनी पंखा फिरवून इंग्लिश खाडी ओलांडली. त्या विमानाचा पसारा जवळपास ३० मीटर, आणि अंतर कापावयास लागले २ तास ४९ मिनिटे. २३ एप्रिल १९८८ रोजी कानेलोस कानेलोपुलोस हा ग्रीक सायकलपटू अशाच रीतीने क्रीटहून सँटोरिनीपर्यंत सुमारे ११५ किलोमीटर गेला, आणि किनारा हाताशी आला असता वाऱ्याने त्याचे यान मोडून पाण्यात पाडले. पंख फडफडवून उडण्याचा यत्न २०१० साली कॅनडात सफल झाला, तोही ३२ मीटरच्या पंखांनी, ओढून वर नेल्यावर, आणि १९.३ सेकंदांपुरता. अशा पंखांनी कोणी ओसाड शहराच्या गल्लीत उतरू शकत नाही. किंमत नेहमीच आहे: पसाऱ्याची, श्रमाची किंवा प्राणाची.

आता पहिल्या पक्षाकडे वळू, जो म्हणतो की प्रेते चालतात तर माणूस का उडू नये. या आक्षेपाचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्रात पूर्वीच देऊन ठेवले आहे. नवव्या शतकातील काश्मीरी आचार्य आनंदवर्धन यांनी 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात रसभंगाचे मूळ अनौचित्यात आहे असे सांगताना नेमके हेच उदाहरण घेतले आहे. निव्वळ मानवी राजाच्या वर्णनात सप्तसमुद्र उल्लंघिण्यासारखी कृत्ये घातली, तर ते वर्णन कितीही शोभिवंत असले तरी नीरस ठरते, असा त्यांचा अभिप्राय. त्यावर प्रतिपक्षी विचारतो की, सातवाहनादी राजांच्या नागलोकगमनाच्या कथा आहेत, त्यांचे काय? आपल्या प्रतिष्ठानच्या सातवाहनाचे नाव या चर्चेत यावे याचे मराठी वाचकास विशेष कौतुक वाटेल. आचार्य उत्तर देतात की, राजांचा प्रभाव वर्णू नये असे आम्ही म्हणत नाही. पण केवळ मानवी पात्राच्या कल्पित कथेत दिव्याचे औचित्य मिसळू नये. पांडवांसारख्या दिव्य-मानुष पात्रांना दोन्ही शोभतात.

या कसोटीवर खेळाचा मनुष्य लावून पाहावा. खेळाने आपल्या जगाचे अद्भुत आरंभीच जाहीर केले आहे: प्रेते उठली, द्रव्याने देह पालटला. ही प्रतिज्ञा रसिकाने स्वीकारली. पण त्याच खेळाने त्या मनुष्याला भूक मोजावयास लावली, थंडी मोजावयास लावली, पिशवीचे वजन मोजावयास लावले. म्हणजे तो मानव आहे हेही जाहीर केले. ज्याला पाण्याच्या घोटाचा हिशोब द्यावा लागतो, त्याला आकाश फुकट मिळाले तर साराच हिशोब खोटा पडतो, आणि मागचे सगळे उपाशी दिवस हास्यास्पद होतात. म्हणून फुकटचे उड्डाण नाकारण्यात खेळाची बुद्धी खरी ठरली, असेच आम्ही म्हणू.

हे म्हणताना आमच्या वाचकांच्या मनात येणारा एक प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. विष्णूच्या देवालयासमोर गरुड उभा असतो. पाठीवर पंख आणि पुढे जोडलेले दोन हात! वर सांगितलेल्या शास्त्राप्रमाणे हे रूप बसत नाही. मग काय म्हणावे? काहीच म्हणू नये. गरुड दिव्य आहे. त्याचे पंख त्याच्या पक्षिराजपदाचे आणि त्याचे जोडलेले हात त्याच्या दास्यभक्तीचे. त्याच्या उरोस्थीची मापे मागणारा जितका अरसिक, तितकाच ती मापे जुळतात हे शास्त्राने सिद्ध करू पाहणारा. अलीकडे हा दुसरा प्रकार फार बोकाळला आहे, आणि त्यात शास्त्र व श्रद्धा दोहोंचीही हानी होते. दिव्याला दिव्याचे औचित्य आणि मानवाला मानवाचे, ही आचार्यांची सीमारेषा दोघांचेही रक्षण करते.

आणि पुराणांनीही पंख नेहमी फुकट दिलेले नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संपाती आणि जटायू हे भाऊ सूर्याकडे झेपावले. धाकटा भाऊ तापाने व्याकुळ झाला तेव्हा थोरल्याने त्याच्यावर आपले पंख धरले, आणि ते जळून तो खाली पडला. वर्षानुवर्षे तो पंखहीन जगला, आणि सीतेचा शोध करणाऱ्या वानरांना साहाय्य केले तेव्हाच त्याला नवे पंख फुटले. जटायूने सीतेसाठी रावणाशी झुंजताना पंख गमावले, आणि प्राणही. या कथांचे सामर्थ्य उड्डाणात नाही. पंखांच्या मोबदल्यात काय दिले गेले, त्यात आहे. पंख गमावण्याला अर्थ आहे म्हणून पंख असण्याला अर्थ आहे.

या खेळाकडे हीच एक गोष्ट कमी आहे. त्याने उड्डाण नाकारले, हे योग्य केले. पण नकार देऊन तो थांबला. मनुष्याला पक्ष्याच्या वाटेवर अखेरपर्यंत जाऊ द्यावे, आणि प्रत्येक पावलाचे मोल घ्यावे, असे आम्ही रचनाकारांस सुचवू. छाती वाढली की कवच चढणार नाही. त्या स्नायूंना अन्न दुप्पट-तिप्पट लागेल. पाय बारीक झाले की पळणे संपेल. आणि शेवटी हातच पंख झाले की डबा फोडण्यास, दार उघडण्यास दुसऱ्या कोणाचे हात शोधावे लागतील. असा मनुष्य उंच कड्यावरून वाऱ्यावर तरंगत खालच्या उद्ध्वस्त गावावरून गेला, तर त्या क्षणी खेळणाऱ्याच्या डोळ्यांत आनंद आणि भय एकदम दाटेल. कारण उतरल्यावर त्याला कोणी भरविणारे असेल की नाही, हे त्याला ठाऊक नसेल.

तोवर, आहे त्या रूपातही, या खेळाने एक चित्र असे दिले आहे की जे आम्ही त्याच्या सर्व उणिवांसह मौल्यवान मानतो. प्रलयानंतरच्या रस्त्यावरून, पाठीवर मोठे पंख असलेला एक मनुष्य, खांद्याला पिशवी अडकवून, पायी चालला आहे. ज्याने आयुष्यात कधी एखादी देणगी उशिरा आणि अपुरी मिळविली आहे, त्याला हे चित्र समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.